सगळ्या बायकांना सरसकट १२०० कॅलरी कशासाठी?

रानजाई
वजन कमी करायचं म्हटलं की बाईला १२०० कॅलरी सांगून मोकळे होतात. जिममधला ट्रेनर तेच सांगतो, मोबाइलवरचं ॲप तेच, भिशीतली मैत्रीणही तेच. उंची किती, वय किती, दिवसभर काम काय, हे कुणी विचारतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की हा आकडा सोडून द्यावा आणि जिने तिने आपला हिशेब मांडावा.

आहारतज्ज्ञ मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० सालचं सूत्र वापरतात. वजन (किलो) गुणिले १०, उंची (सेंमी) गुणिले ६.२५, यांची बेरीज. त्यातून वयाची पाचपट आणि आणखी १६१ वजा. (पुरुषांनी १६१ वजा न करता ५ मिळवायचे.) वय ४०, उंची १५८, वजन ७२ असेल तर उत्तर येतं साधारण १३४५. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला एवढं लागतं! बैठ्या कामासाठी याला १.२ ने गुणायचं, म्हणजे १६१५. थोडंफार चालणं, व्यायाम असेल तर १.३७५ ने, म्हणजे १८५०. त्यातून तीन-चारशे कमी केले तरी चालणारी बाई १४५० ते १५५० खाऊ शकते. तिला १२०० वर का ठेवायचं?

कोथरूडकर
कागदावर ठीक आहे हो. पण आमटीच्या फोडणीतलं किती तेल माझ्या वाटीत आलं, हे कसं मोजणार? चार माणसांचा स्वयंपाक एकत्र होतो. त्यापेक्षा डॉ. जगन्नाथ दीक्षितांसारखं दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा म्हटलं की माणसाला कळतं. वजनकाटा घेऊन पोळ्या मोजणं आपल्या घरात चार दिवस टिकत नाही.

रानजाई
वाटीतलं नका मोजू, महिन्याचं मोजा. चौघांना महिन्याला ५ लिटरचा डबा लागत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल झालं, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी. काटा न लावता एवढं समजतं. आणि दोनदाच जेवूनही शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाणा खिचडी ताटभर घेतली, तर हिशेब चुकतोच.

सुगरण६२
मला हे पटत नाही. माझं वय ६२, उंची १४८, वजन ५८. तुमच्याच सूत्राने माझं उत्तर १०३४, बैठ्या कामाला १२४०. मी १५०० खाल्लं तर वजन वाढेलच! १२०० हा आकडा माझ्यासारखीला बरोबर आहे, उगाच त्याला वाईट ठरवू नका.

रानजाई
ताई, बैठं राहून १२०० खाल्लं तर तुमची तूट रोजची जेमतेम ४० कॅलरी. वजन हलणार नाही, आणि तुम्हाला वाटेल आपलंच काहीतरी चुकतंय. म्हणून जेवण ९०० वर आणू नका, तेवढ्यात प्रथिनं, कॅल्शियम, लोह बसवणं फार अवघड. चालणं वाढवा. खर्च १४२० च्या आसपास जाईल, मग तुम्हाला १२०० चालेल.

दौडवीर
एवढं हळू गेलं तर लोक कंटाळून सोडतात. सुरुवातीला कडक करा, महिन्यात ५ किलो उतरवा, हुरूप येतो.

नाचणी
दादा, हिशेब करा. एका किलो चरबीला ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात. महिन्यात ५ किलो म्हणजे रोज १२८० ची तूट. वरच्या १६१५ वाल्या बाईने काय ३३५ कॅलरींवर घर आणि नोकरी ओढायची? सुरुवातीला काट्यावर जे भराभर उतरतं त्यात पाणी बरंच असतं. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे व्हायचा धोकाही वाढतो.

आणखी एक, मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करायचं नाही. साखर एकदम खाली जाते, माणूस चक्कर येऊन पडतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर या आकड्यांच्या नादी लागूच नये.

कोथरूडकर
तेलाच्या डब्याचा हिशेब मान्य. रोज वहीत लिहिणं मात्र मी कुणाला सांगणार नाही. त्याने जेवणावरचं मन उडतं, हे घरात पाहिलंय.

रानजाई
रोज लिहू नका. सूत्राचं उत्तर हा अंदाज आहे, कमीजास्त होणारच. आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी वजन करा. तीन-चार आठवड्यांत काटा जागचा हलला नाही तर शंभरेक कॅलरी कमी करा. आठवड्याला एक किलोहून जास्त उतरत असेल तर जेवण वाढवा.