प्रति: एसएसच्या पाइपला भोक पडेना

रेलिंगच्या एसएस (स्टेनलेस स्टील) पाइपला भोक पाडताना ड्रिलचे तीन बिट जळाले म्हणताय, पण दोष बिटांपेक्षा स्पीडचा वाटतो. 304 ग्रेडचं स्टील (एसएसचाच एक प्रकार) नुसतं घासत राहिलं की जागच्या जागी कडक होतं. मग कुठलाच साधा बिट आत शिरत नाही. 6 मिमीच्या बिटाला 500-600 आरपीएम (मिनिटाला फेरे) पुष्कळ झाले. आधी सेंटर पंच (खूण पाडायची टोकदार सळई) मारा, तेलाचे दोन थेंब सोडा आणि दाब सैल पडू देऊ नका. कुरळी तार निघतेय तोवर बिट कापतोय. नुसती पूड पडायला लागली की थांबा. बिट एम35 घ्या, म्हणजे 5 टक्के कोबाल्टवाला, 135 अंशांच्या टोकाचा. बिटावरच्या सोनेरी मुलाम्याला भुलू नका, पुन्हा धार लावली की टोकावरचा तो जातोच. मी तर पहिल्यांदा भिंतीचाच बिट लावला होता. धूर भरपूर निघाला, भोक नाही!