फरारी आयरिश नोकर आणि त्यांची शिक्षा
इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींमधले आयरिश करारबद्ध नोकर (ठरावीक वर्षे चाकरी करण्याच्या कराराने बांधलेले) आणि आफ्रिकी गुलाम यांना काही जण एकाच मापाने मोजतात, ते मला मान्य नाही. पळालेल्या आयरिश नोकराचे अतोनात हाल होत, हे खरेच. मेरीलँडच्या कायद्याने गैरहजेरीच्या एका दिवसापोटी १० दिवसांची जादा चाकरी लादता येई, आणि ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या वृत्तपत्रातल्या जाहिरातींत मालक त्याचा कोट, चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, बोलण्यातला आयरिश हेल असे सारे बारकाईने नोंदवून बक्षीस लावत. मात्र १६४० मध्ये व्हर्जिनियात तीन नोकर एकत्र पळून पकडले गेले, तेव्हा दोघा युरोपीयांची (एक डच, एक स्कॉटिश) मुदत चार वर्षांनी वाढली, तर जॉन पंच या आफ्रिकी माणसाला त्याच गुन्ह्यासाठी जन्मभराची चाकरी ठोठावली गेली.