दुबईत बुक केलेल्या घराचं काम सुरूच नाही, भरलेले पैसे परत कसे मिळवायचे?

गोदाकाठ (नाशिक)
नमस्कार मंडळी. लेक दुबईत नोकरीला आहे. तिचा आधार म्हणून मी आणि सौ.नी आमच्या नावावर तिथे एक स्टुडिओ फ्लॅट बुक केला. पुण्यात एका हॉटेलात प्रदर्शन होतं, तिथल्या एजंटामार्फत. जागा दुबई साऊथच्या बाजूला, अल मकतूम विमानतळाकडे. किंमत ६ लाख दिरहम. नोव्हेंबर २०२३ मध्ये १० टक्के भरले, जून २०२४ मध्ये आणखी १० टक्के, असे १ लाख २० हजार दिरहम गेले. नोंदणीचे ४ टक्के, म्हणजे २४ हजार, वेगळे. ताबा डिसेंबर २०२५ ला मिळायचा होता.

रविवारी लेक प्लॉटवर जाऊन आली. पत्र्याचं कुंपण, त्यावरचं इमारतीचं चित्र उन्हाने पार विटलेलं, आत नुसती वाळू. पायाचा खड्डासुद्धा नाही. शेजारच्या साइटवरचा वॉचमन म्हणाला, मध्ये एक जेसीबी आला होता, तो दोन दिवसांत परत गेला.

आता कंपनी म्हणते, तुमची रक्कम आमच्या दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये वळवून देतो, सोबतच्या फॉर्मवर सही करा. त्याच मेलमध्ये तिसऱ्या हप्त्याची मागणी! एजंट फोन उचलत नाही. हे माझ्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे आहेत हो. दुसरं प्रोजेक्ट नको, पैसे परत हवेत. हप्ता थांबवू का? तक्रार कुठे करायची? नाशकात बसून हे होईल का?

सह्यकडा
महारेराकडे, म्हणजे आपल्या राज्याच्या बिल्डरांवरच्या नियामकाकडे, ऑनलाइन तक्रार टाका. माझ्या मेहुण्याला वाकडच्या फ्लॅटचे पैसे व्याजासकट मिळाले.

खाडीपार (शारजा)
महारेराचा अधिकार महाराष्ट्रातल्या प्रकल्पांपुरता. दुबईची रेरा वेगळी, ती तिथल्या लँड डिपार्टमेंटच्या हाताखाली चालते.

गोदाकाठ दादा, मी इथे बरीच वर्षं अकाउंट्समध्ये आहे, बिल्डरांच्या फाइली रोज हाताखालून जातात. आधी एक ऐका : त्या फॉर्मवर सही करू नका. सही केलीत की जुना करार संपला, आणि नव्या प्रकल्पाच्या ताब्याची तारीख नव्याने मोजायची. लोक तिथेच अडकतात. तोंडी हो-नाही काही बोलू नका, मेलवर एवढंच लिहा की आम्हाला बदली मान्य नाही, मूळ करारावरचे सगळे हक्क राखून आहोत.

मग बँकेतून पैसे पाठवल्याच्या दोन्ही स्विफ्ट प्रती काढा आणि लाभार्थी खात्याचं नाव अक्षर-अक्षर वाचा. २००७ च्या ८ क्रमांकाच्या कायद्याने बांधकाम व्हायच्या आधी विकलेल्या घराचा प्रत्येक दिरहम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र एस्क्रो खात्यात जायला हवा. ते पैसे त्याच प्रकल्पाच्या कामालाच वापरायचे. बिल्डर उद्या बुडाला तरी तो ज्यांचे पैसे देणं लागतो त्यांना त्या खात्यावर जप्ती आणता येत नाही. तुमची सगळी केस या खात्यावर उभी आहे, म्हणून हे आधी विचारतोय.

लेकीला 'दुबई रेस्ट' ॲपवर प्रकल्पाचं नाव टाकायला सांगा. एस्क्रो क्रमांक, प्रकल्पाची स्थिती, कामाचे टक्के, सगळं दिसतं. तुमचा 'ऊकूद', म्हणजे तात्पुरत्या नोंदवहीतली नोंद, झालीय का तेही बघा. पुढचा रस्ता या स्थितीवर ठरतो. प्रकल्प रेराने रद्द केला असेल तर बिल्डरने सगळे पैसे परत द्यायचे, आणि अशा रद्द आणि अर्धवट प्रकल्पांसाठी २०२० च्या ३३ क्रमांकाच्या फर्मानाने वेगळं न्यायाधिकरण आहे. तिथला निकाल अंतिम. स्थिती 'ॲक्टिव्ह' असेल तर लँड डिपार्टमेंट आणि मग दुबई कोर्ट. करारात लवादाचं कलम असेल तर तिकडे जावं लागेल.

हप्त्याचं मात्र जपून. गुपचूप थांबवलात तर तुम्ही थकबाकीदार ठरता. बिल्डर लँड डिपार्टमेंटला कळवतो, तिथून तुम्हाला ३० दिवसांची नोटीस येते. तात्पुरत्या नोंदवहीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनुसार काम ६० टक्क्यांच्या आत असेल तर त्याला करार मोडून घराच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत ठेवून घेता येतात. भरलेल्या रकमेच्या नव्हे, किमतीच्या. ६ लाखांचे २५ टक्के म्हणजे दीड लाख, तुम्ही भरलेत १ लाख २० हजार. म्हणजे सगळेच गेले! काम सुरूच झालं नसेल आणि कारण बिल्डरच्या हाताबाहेरचं असेल, तर ही मर्यादा भरलेल्या रकमेच्या ३० टक्क्यांवर येते. म्हणून हप्ता देय होण्याआधी वकिलामार्फत लेखी हरकत गेलीच पाहिजे : बांधकाम शून्य, हप्ते बांधकामाच्या टप्प्यांशी जोडा. २०१० च्या ६ क्रमांकाच्या ठरावात, बिल्डरने तसं जोडायला नकार देणं हे करार मोडून मागायचं एक कारण धरलंय.

गोदाकाठ
खूप आभार. लेकीने पाहिलं. स्थिती 'ॲक्टिव्ह', काम ० टक्के, ऊकूद झालेला आहे. पहिल्या स्विफ्टवर प्रकल्पाचं नाव आणि पुढे एस्क्रो असं आहे. दुसऱ्यावर नुसतं कंपनीचं नाव, बँकही वेगळी. तो खाते क्रमांक एजंटाने व्हॉट्सॲपवर पाठवला होता, "जुनं खातं अपडेट होतंय" म्हणून. तो मेसेज आहे माझ्याकडे.

सीए_सदाशिव (पुणे)
दोन गोष्टी. दोन्ही वेळा ७ लाखांच्या वरच्या रकमेवर बँकेने २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला असेल. रिटर्नमध्ये तो वळता करून घेतलाय का बघा, २६ एएस या कराच्या पत्रकात दिसेल. आणि परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात, शेड्युल एफएमध्ये, ही रक्कम दरवर्षी दाखवा. काळ्या पैशाच्या कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाख आहे. परतावा तुमच्याच खात्यात यायला हवा, आणि तो पुन्हा बाहेर गुंतवणार नसाल तर १८० दिवसांत भारतात आणा. लेकीच्या तिथल्या खात्यात घेऊन मोकळे होऊ नका.

अॅड_मीरा (ठाणे)
एजंट पुण्याचा, व्यवहार इथे झाला, म्हणून त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे, म्हणजे नाशिकलाच. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि तुमचा दुसरा हप्ता जून २०२४ चा, तेव्हा मुदत कधीपासून मोजायची ते वकिलाकडून आत्ताच ठरवून घ्या. तो मेसेज फोनवरून पुसू नका, फोनही बदलू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

खाडीपार (शारजा)
दादा, तो दुसरा हप्ता तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. एस्क्रोबाहेर पैसे घेणं हा थेट कायदाभंग आहे, तक्रारीत पहिल्या ओळीत हेच येऊ द्या. मी तळमळीने सांगतोय, कारण लोक आधी दहा पानं वाळूचे फोटो आणि ताब्याची तारीख लिहितात आणि खात्याची गोष्ट शेवटी. ताब्याच्या तारखेवर बिल्डर मुदतवाढीचं कलम दाखवून वेळ काढेल. बऱ्याच करारांत वर्षभराची सवलत लिहिलेली असते. खात्यावर त्याला तसं उत्तर नाही. ० टक्क्यांच्या स्क्रीनची प्रत तारखेसकट काढून ठेवा. नोंदणीचे २४ हजार लँड डिपार्टमेंटकडे गेलेत, ते बिल्डरकडून नुकसानभरपाई म्हणून वेगळे मागा.

नाशकात बसून होईल. लेकीच्या नावे मुखत्यारपत्र करा. नोटरी, मग राज्य सरकारचं किंवा एसडीएमचं (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचं) साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास किंवा वकिलात, आणि इकडे आल्यावर इथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि कायदेशीर अरबी भाषांतर. तक्रार करणं, वकील नेमणं, कागद घेणं हे अधिकार त्यात सुटे-सुटे लिहा. तडजोडीवर सही करण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार मात्र तुमच्याकडेच ठेवा, म्हणजे बिल्डरच्या ऑफिसात पोरीला एकटीला बसवून कुणी तिच्याकडून सही घेऊ शकणार नाही.