पावसाळ्यात मागच्या खुरांना घाण वास, आणि घोडी मागचे पाय हातात देत नाही

भीमाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मारवाडी घोडी आहे, वय तीन वर्षे, वजन अंदाजे ३५० किलो. सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली. अजून पाठीवर कोणी बसलेले नाही. आमच्याकडे काळी जमीन. तबेला पत्र्याचा, खाली माती, आणि पाऊस लागल्यापासून मागचा अर्धा भाग सुकतच नाही.

दोन्ही मागच्या खुरांना कुजका वास येतो, तळातून काळे, चिकट काहीतरी निघते. पुढचे पाय ती नीट देते. मागचा पाय धरला की आधी झटका देते, तरी सोडला नाही तर लाथ मारते. रोज सकाळी मागचे दोन्ही घोटे थोडे सुजलेले असतात, फिरवल्यावर सूज उतरते. लंगडत नाही.

खाणे: हिरवे नेपियर गवत २० ते २५ किलो, गव्हाचा कोंडा दोन किलो (दोन वेळा मिळून), भिजवलेले हरभरे एक किलो. रात्री अगाडी-पिछाडीवर (पुढून दोरीने आणि मागून पायांना दोरी लावून) बांधतो.

नालबंद म्हणतो, ओठाला पीळ घालून धरू आणि नाल ठोकू, म्हणजे खूर चिखलापासून उचलला जाईल. जळके ऑइल लावायचा सल्लाही मिळाला आहे. दसऱ्यापर्यंत खोगीर घालायचे मनात आहे. काय करावे?

नालबंद_सातारा

दादा, नाल आत्ता अजिबात नको. माणसाच्या बोटांत चिखल्या होतात तसाच हा प्रकार आहे, फक्त घोड्याच्या बाबतीत तो फ्रॉगमध्ये होतो. फ्रॉग म्हणजे तळातला व्ही आकाराचा रबरासारखा भाग. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खाचा असतात आणि मधोमध, टाचेकडे, एक उथळ खाच. चिखल, लीद आणि मूत त्या खाचांत ठासून बसते, आत हवा जात नाही, आणि हवा नसलेल्या जागीच वाढणारे जंतू तिथे फ्रॉग कुजवतात. नाल ठोकली की तळाची वाटी आणखी खोल होते, घाण जास्त धरून ठेवते. जळके ऑइल किंवा डांबर ओल्या, कुजलेल्या खुरावर लावले तर वरून झाकण बसते आणि जंतूंना हवी तशी बंद जागा मिळते. फिनाइल, फॉर्मेलिनही नको. त्याने कुजलेल्याबरोबर चांगला जिवंत भागही जळतो आणि घोडी पाय द्यायची ती आणखीच बंद होते.

आधी बघायचे ते मधल्या खाचेकडे. निरोगी पायात ती रुंद आणि उथळ असते, अंगठ्याने दाबल्यासारखी. कापसाची काडी तिथे हलकेच घाला. एक सेंटिमीटरच्या पुढे आत गेली आणि घोडीने पाय ओढला, तर कूज टाचेच्या मध्यापर्यंत पोचली आहे आणि तिला खरोखर दुखते आहे. अशा पायाला दोन दिवसांत गुण येत नाही, तीन-चार आठवडे धरून चाला.

रोजचे काम असे. खुरपणी (खूर साफ करायची लोखंडी आकडी) टाचेकडून टोकाकडे ओढायची, टोक फ्रॉगमध्ये खुपसायचे नाही. ताठ ब्रशने खाचा साफ करायच्या. धुवायचेच असेल तर थोड्या पाण्याने, आणि लगेच जुन्या सुती फडक्याने टिपून कोरडे करायचे. रोज पाइप लावून पाय धुणे हा या दुखण्यातला मोठा घोटाळा आहे, कारण खूर दिवसभर ओला राहतो. मग पोव्हिडोन आयोडीन आणि घरची साखर कालवून मधासारखी दाट पेस्ट करा, कापसाच्या वातीला लावा आणि वात मधल्या खाचेत बसवा. गच्च कोंबायची नाही, पडणार नाही इतकीच. वात रोज बदलायची. बाजूच्या खाचांत हीच पेस्ट बोटाने भरायची. वास गेल्यावरही दहा दिवस चालू ठेवा. मोरचूदही (कॉपर सल्फेट) चालते, पण कोरडी पूड उघड्या फ्रॉगवर टाकू नका. झिंक ऑक्साइडच्या मलमात दहाला एक या प्रमाणात घोटून, आणि तेही रक्त येत नसेल तरच.

लोंबणारे फाटके तुकडे नालबंदाने कापावेत. त्याखाली घाण लपते. पण फ्रॉग सपाट होईपर्यंत तासू देऊ नका. टाचा वाढल्या असतील तर त्या उतरवून घ्या, फ्रॉग जमिनीला टेकला पाहिजे. चालताना तो दबतो आणि सुटतो, त्यातच तो स्वतः साफ होतो. पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून घ्या, नाल असो वा नसो.

आणि जागा. ती सुधारली नाही तर वरचे सगळे पाण्यात. माती एक वीतभर काढून मुरूम भरा, ठोकून घ्या, चाळीस फुटांत एक फूट इतका उतार मागच्या बाजूला ठेवा आणि बाहेर चर काढा. वर भाताचा पेंढा चार-सहा इंच. उसाचे पाचट घालू नका, घोडी ते खात बसते आणि पोट गच्च होते. ओली जागा दिवसातून दोनदा उचलायची. मूत मुरलेल्या मातीतून डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो, तोच खुरालाही खातो.

रानवारा

पायाचे वर आले आहेच. मला जास्त काळजी तुमच्या चाऱ्याची वाटते आहे, भाऊ. तुम्ही विचारले नाही, पण नेपियर आणि दोन किलो कोंडा ही जोडी वाढत्या घोड्याला घातक आहे.

हिशेब करून बघा. एक किलो गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस दहा ते बारा ग्रॅम, कॅल्शियम जेमतेम एक-दीड ग्रॅम. घोड्याला उलटे हवे: कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी कधीच नाही, शक्यतो दीडपट. तुमच्या दोन किलो कोंड्यातून फॉस्फरस वीस ग्रॅमच्या वर जातो आणि कॅल्शियम तीनच्या आसपास. त्यावर नेपियर. नेपियरमध्ये ऑक्झलेट असते, ते कॅल्शियमला आतड्यातच बांधून टाकते. गाई-म्हशींच्या कोठीपोटातले जंतू ऑक्झलेट बऱ्यापैकी फोडतात, म्हणून गोठ्यात नेपियर चालते. घोड्याला ती सोय नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढते. रक्त तपासले तर कॅल्शियम बहुतेक वेळा ठीकच दिसते, कारण ते हाडे विकून भागवलेले असते. आज या पायाने, उद्या त्या पायाने अवघडून चालणे, पाठ आखडणे, आणि पुढे डोळ्याखाली, गालाच्या हाडावर दोन्ही बाजूंनी सारखी सूज. ती सूज दिसेपर्यंत महिनेच्या महिने गेलेले असतात. तीन वर्षांच्या घोडीवर खोगीर चढवायचा विचार असताना हाडे अशी पोखरू देऊ नका.

बदल असा करा, आठ-दहा दिवसांत हळूहळू, एकदम नाही. नेपियर निम्म्यावर आणा, पुढे दिवसाला पाच-सहा किलोवर. त्या जागी वाळलेले मारवेल किंवा डोंगरी गवत. ३५० किलोच्या घोडीला सगळा चारा मिळून कोरड्या हिशेबाने दिवसाला सात किलो हवा, आणि त्यातला बराचसा रात्री तिच्या पुढ्यात हवा. पोट रिकामे ठेवून बांधलेली घोडी दावण चावते, जागेवर झुलते. लसूण घास (ल्युसर्न) तीन ते पाच किलो, त्यात कॅल्शियम भरपूर असते. कोंडा अर्ध्या किलोवर. तेवढ्याबरोबर चाऱ्याच्या दर्जाची चुनखडी पूड ३० ते ४० ग्रॅम. पानात खायचा चुना नव्हे, तो तोंड आणि आतडे भाजतो. खडे मीठ चाटायला, किंवा साधे मीठ ३० ग्रॅम चंदीत (धान्याच्या खुराकात).

हरभरे सहा तासांच्या वर भिजत ठेवू नका, पावसाळी दमट हवेत ते आंबतात. पाणी ओतून टाका, वास घ्या, मग तोबऱ्यात. धान्याची चंदी एका वेळी दीड किलोच्या आत.

अजून दोन गोष्टी. हिरवी ज्वारी घालू नका, कोवळी तर नाहीच. बरेच दिवस खाल्ली की काही घोड्यांची मागची कंबर लुळी पडते आणि मूत ठिबकत राहते. वाळलेला कडबा चालतो, पण बुरशीची पेंढी अख्खी बाजूला काढा, झटकून वापरू नका. आणि गाई-कोंबड्यांचे तयार खाद्य कधीही नको. काहींत मोनेन्सिन असते. त्यांना चालणाऱ्या मात्रेत ते घोड्याचे हृदय निकामी करते, आणि त्यावर उतारा नाही.

भीमाकाठ

दोघांचे आभार. काडी घालून पाहिली, उजव्या पायात साधारण दीड सेंटिमीटर गेली आणि तिने पाय ओढला. डाव्यात कमी. घोट्याच्या खाली दोन्ही मागच्या पायांवर दोरीचे जुने वळ आहेत, केस पांढरे आलेले. पण औषध लावण्यासाठी पाय तर धरता आला पाहिजे. ओठाला पीळ घालू का?

पागेतली_ताई

पांढऱ्या केसांचे वळ आहेत म्हणजे अर्धे उत्तर तिथेच मिळाले. पिछाडी पाय मागे ओढून धरते. घोडी हललीच तर दोरी आवळते आणि कातडे सोलते. खूर करताना आपणही पाय मागे ओढूनच धरतो. तिच्या दृष्टीने दोन्ही एकच. त्यात आत दुखरी खाच. ती लाथ मारते ती खोडी म्हणून नाही. पीळ घातला तर आजचे औषध लागेल, पण तीन-चार आठवडे रोज लावायचे आहे, आणि दर वेळी ती जास्त घट्ट होईल. पिछाडी आजपासून सोडा. बारा बाय बारा फुटांची जागा मोकळी करता आली तर घोडी मोकळीच ठेवा. नाहीच जमले तर फक्त मोहरकीला (तोंडावर घालायची दोरीची चौकट) एक दोरी, छातीच्या उंचीवर बांधलेली, पाय अडकणार नाही इतकी आखूड.

पाय शिकवायची रीत. कोरडी, सपाट जागा. घोडी बांधायची नाही, एक माणूस तोंडाशी दोरी धरून उभा, आणि तो तुमच्याच बाजूला. म्हणजे ती वळलीच तर तिचा मागचा भाग तुमच्यापासून लांब जातो. पाच फूट बांबूच्या टोकाला कापडाचा बोळा बांधा. खांद्यापासून सुरू करून पाठ, पुठ्ठा, मांडी, मग खाली हॉकपर्यंत (मागच्या पायाचा मधला मोठा सांधा) बोळा फिरवा. ती हलली तर बोळा काढून घेऊ नका, अंगाला लागलेलाच ठेवा. पाय स्थिर झाला की त्या क्षणी काढा. इथेच बहुतेकांची गफलत होते. लाथेला घाबरून बोळा काढला की घोडीला कळते, लाथ मारली की सुटका.

बोळा घोट्यापर्यंत चालला की हाताने. तुमचा खांदा तिच्या मांडीला टेकलेला, तोंड शेपटीकडे, पाय तिच्या पायांच्या मागे नाहीत. आतला हात पुठ्ठ्यावर, बाहेरचा हात खाली सरकत घोट्यापर्यंत. घोट्यावरच्या शिरेला हलका चिमटा. तिने वजन दुसऱ्या पायावर टाकले, खूर नुसता टेकल्यासारखा ठेवला, तेवढ्यावर हात सोडा आणि मान खाजवा. पहिल्या दिवशी पाय उचलायचाही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक सेकंद, मग तीन, मग दहा. ती ओढायच्या आधी तुम्ही खाली ठेवायचा. एका बाजूला पाच मिनिटे, दिवसातून दोनदा, बस.

उचललेला पाय तिच्या पोटाखाली, कमी उंचीवर ठेवा. दुसऱ्या पायाच्या घोट्याच्या वर नेऊ नका, बाजूला तर ओढूच नका. या वयाच्या घोडीचा तोल तीन पायांवर अर्ध्या मिनिटात जातो, आणि आपल्याला वाटते ती अंगावर रेलते. पाय हातात येईपर्यंतचे चार-पाच दिवस औषध थांबायला नको: आयोडीन फवाऱ्याच्या बाटलीत भरा. टाच थोडी उचलून खूर टोकावर टेकवते तेव्हा मागून नाही, बाजूने मारा. फवाऱ्याचा आवाज आधी पुढच्या पायांवर साध्या पाण्याने ऐकवून ठेवा.

दसऱ्याला खोगीर घालता येईल, बसू नका. तोवर मोहरकीवर चालणे, थांबणे, मागे सरणे. रोज २० ते ३० मिनिटे डांबरी किंवा मुरमाच्या रस्त्यावर हाताने चालवा. शिक्षणही होते आणि खूरही वाळतो. लांब दोरीवर गोल फिरवायचे ते काळ्या रानात पाऊस असेपर्यंत नाही. पुढेही गोल पंधरा मीटरहून लहान नको, दोन्ही बाजू मिळून १५ मिनिटे पुरेत. लगामाची घाई नको. या वयात दुधाचे दात पडत असतात, हिरडी दुखते, आणि लगाम लागला की घोडी मान फेकते. शिवाय दाढेपुढे लहानसा लांडगेदात असेल तर त्यावर लोखंड आपटते. डॉक्टरांना तोंड दाखवूनच लगाम. काटेरी लगाम कोणी आणून दिला तर परत करा, तो कायद्यानेही मना आहे.

पशुवैद्य_खान्देश

वरच्या सल्ल्यांशी सहमत. माझी भर सुजेपुरती. सकाळी दोन्ही पाय सारखे सुजतात आणि चालल्यावर उतरतात, म्हणजे बहुधा उभे राहून साठलेले पाणी. पण पावसाळ्यात आणि त्यानंतर डांस (रक्त पिणाऱ्या मोठ्या) माश्या वाढतात आणि त्या सर्रा हा रक्तातल्या परजीवींचा रोग पसरवतात. म्हणून दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेवा. गुदद्वारात थर्मामीटर, दोन मिनिटे. ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट ठीक. सर्राचा ताप येतो-जातो, एकदा मोजून कळत नाही. १०२ च्या वर गेला, पापणीची आतली बाजू फिकी दिसली, सूज पोटाखाली आली किंवा खाऊनही अंग उतरले तर रक्त तपासून घ्या. तेही ताप चढलेला असताना, तेव्हा जंतू सापडण्याची शक्यता जास्त. इंजेक्शन स्वतः आणून टोचू नका, मात्रा चुकली तर घोडा जातो.

एकच पाय सुजला, खूर गरम लागला, घोट्यामागची नाडी जोरात उडताना बोटाला जाणवली किंवा घोडी पाय टेकेनाशी झाली, तर तो आतला पू असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर.

धनुर्वाताची लस झाली आहे का? घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो आणि कुजलेला फ्रॉग हा जंतूंना उघडा दरवाजा आहे. माहिती नसेल तर झालेली नाही असेच धरा: दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने, मग दरवर्षी.

भीमाकाठ

लस उद्याच. मुरमाची ट्रॉली सांगितली आहे. एक शंका, मुरूम पसरेपर्यंतचे दोन-तीन दिवस घोडी कुठे ठेवू? अंगणात शहाबादी फरशी आहे.

नालबंद_सातारा

फरशी ओली झाली की घसरते, आणि मागचा पाय फाकला तर कंबर जाते. फरशीवर आधी वीतभर पेंढा, त्यावर घोडी. नाहीतर आहे त्याच तबेल्याचा पुढचा सुका अर्धा भाग बांबू आडवा लावून वेगळा करा. मुरूम मागच्या भागातून भरत या, तिकडे ठोकून झाला की घोडी मागे आणि पुढचा भाग उकरायला मोकळा.