‘वळू’ला विनोदी चित्रपट म्हणावे का?

प्रश्न (सांगली):
उमेश कुलकर्णी दिग्दर्शित ‘वळू’ (२००८) आम्ही काही मित्रांनी नुकताच एकत्र बसून पाहिला. कुसवडे गावात मोकाट फिरणाऱ्या डुरक्या नावाच्या वळूला पकडायला वनाधिकारी येतो, एवढेच कथानक. मला तो मनापासून आवडला. परंतु भावे नाट्यमंदिरात फार्स पाहत ज्यांची अभिरुची घडली, त्या ज्येष्ठांना यात हशा पिकवणारे संवाद फारसे सापडले नाहीत. आपले मत काय?

उत्तर (आटपाडी):
माझ्या मते हा अस्सल विनोदी चित्रपट आहे, मात्र त्याचा विनोद वाक्यांत नसून माणसांच्या वागण्यात आहे. आमचा भाग खिलार जनावरांचा; खरसुंडीच्या यात्रेतला बाजार सर्वांना ठाऊक आहेच. देवाला सोडलेला वळू कोणा एकाच्या मालकीचा नसतो, त्यामुळे त्याने पीक तुडवले तरी भरपाई मागायची कोणाकडे, हा पेच खरा आहे, आणि अशा बिनमालकाच्या जनावरावर गावातले कोणतेही पाप ढकलता येते. अधिकाऱ्याचा धाकटा भाऊ या मोहिमेचा माहितीपट काढू लागतो, तेव्हा तर प्रत्येकजण वळूपेक्षा स्वतःबद्दलच अधिक सांगू लागतो. कॅमेरा समोर येताच माणसाची बसण्याची ढब आणि भाषा कशी बदलते, हे इतक्या बारकाईने टिपलेले मी मराठीत क्वचितच पाहिले आहे.

उत्तर (सातारा):
अंशतः सहमत आहे. मध्यंतरानंतर पाठलाग लांबतो आणि स्त्री-पात्रांना, भारती आचरेकर, ज्योती सुभाष यांच्यासारख्या अभिनेत्री असूनही, पुरेसा वाव मिळत नाही, ही माझी खंत आहे.

उत्तर (कराड):
लांबीचा आक्षेप मला मान्य नाही. वळू हाती लागत नाही तोवरच सरपंच आणि गावातला त्यांचा प्रतिस्पर्धी आबा यांच्यातील चढाओढ रंगत जाते. तो पहिल्याच प्रयत्नात सापडला असता, तर गावाचे राजकारण आपल्याला दिसलेच नसते. मोहन आगाशे आणि नंदू माधव यांनी ही चढाओढ आवाज न चढवता उभी केली आहे. आपल्या ज्येष्ठ मित्रांना चित्रपट पुन्हा दाखवणार असाल, तर संवादांऐवजी मागे उभ्या असलेल्या गावकऱ्यांच्या चेहऱ्यांकडे लक्ष द्यायला सांगावे, कारण बराचसा विनोद तिथेच घडतो.