भात्यात हंस? रेपर्टवारला मराठीत काय म्हणावं

पानगळ: एका मासिकासाठी माया प्लिसेत्स्काया या रशियन बॅले नर्तिकेवर लिहितेय. १९४३ मध्ये ती मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात आली, १९४७ मध्ये ‘स्वान लेक’ या बॅलेची नायिका झाली. मी लिहिलं होतं, ‘तिच्या रेपर्टवारमध्ये स्वान लेक, डॉन किहोते, कारमेन...’ रेपर्टवार म्हणजे कलाकार सादर करतो त्या भूमिका, कलाकृती. संपादकांनी तो शब्द खोडून ‘तिच्या भात्यात’ केलं. खटकतंय, पण दुसरा शब्दही सुचत नाहीये.

दशमान: खटकणारच. त्या कथेत राजपुत्र हंसांच्याच शिकारीला निघतो. हंस भात्यात कसा जाईल?

जुना तबलजी: आमच्यात म्हणतात, ‘बुवांकडे चिजांचा मोठा साठा’. साठा लिहा.

तिसरी घंटा: साठा रॉकेलचा. नाटकवाल्यांचा शब्द ‘बसलेलं’. आमच्या संस्थेनं नाटकं केली तीसेक, पण बसलेली कधीही तीन-चारच. उद्या दौरा ठरला तर जे उभं राहील ते बसलेलं. प्लिसेत्स्कायाचंही तेच बघा. ‘डॉन किहोते’तली नायिका कित्री तिनं ऐन उमेदीत गाजवली. ‘कारमेन’ अल्बेर्तो अलोन्सोनं १९६७ मध्ये खास तिच्यासाठी बसवलं. साठी उलटल्यावरही ती ‘डाइंग स्वान’ हे छोटं एकलनृत्य नाचत होती, कित्री नव्हे. तुम्हाला केलेल्या भूमिका सांगायच्यात की त्या-त्या वेळी अंगात असलेल्या?

पानगळ: अरे देवा. हा विचारच केला नव्हता.

शुद्धमती: एवढ्या मोठ्या कारकिर्दीला एक मराठी शब्द मिळू नये? ‘भूमिकासंच’ करा.

दशमान: संच चहाच्या कपांचा. आणि ‘कारकीर्द’ फारसी आहे, ताई.

शुद्धमती: ती आता मराठीच झाली.

दशमान: मग रेपर्टवारलाही तीनशे वर्षं द्या.

जुना तबलजी: ‘बाड’ कसं विसरलो! शाहिराचं बाड, कीर्तनकाराचं बाड.

तिसरी घंटा: नर्तिकेचं बाड म्हणजे तिचं शरीर. कागदावर काय उरतं?

दशमान: उरतं की. सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरचे निकोलाय सर्गेयेव क्रांतीनंतर रशियाबाहेर पडले, ते नृत्यलिपीत उतरवलेल्या बॅलेंची बाडं घेऊनच. त्यांवरून १९३४ मध्ये लंडनला ‘जिझेल’ हे बॅले बसवलं. ती बाडं आता हार्वर्डला आहेत.

जुना तबलजी: बघा, बाड! आणि माझ्या मते ‘बॅले’ही आपल्या ‘वलय’वरूनच. गोल गोल फिरतात ना.

दशमान: इटालियन ‘बाल्लारे’, म्हणजे नाचणे.

जुना तबलजी: ते तरी कुठून आलं?

पानगळ: अंक आला. ‘भात्यात’ तसंच आहे, वर ‘श्वान लेक’ छापलंय. आई विचारतेय, कुणाची लेक?

शुद्धमती: म्हणून सांगते, ‘हंससरोवर’ लिहावं.

तिसरी घंटा: सरोवर कशाला, तळं म्हणा.

जुना तबलजी: तळं आणि सरोवर एक नव्हे. आमच्या गावच्या तळ्यात म्हशी बसतात.