ग्लू की टाके? आधी जखम कुठे आहे ते बघा

पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला ग्लू (जखमेच्या कडा चिकटवणारा वैद्यकीय डिंक) चालला, मग आईच्या गुडघ्याच्या जखमेला टाकेच का, असं एकाने विचारलंय. उत्तर ताणात आहे. दुर्बिणीचं छिद्र जेमतेम 5 ते 10 मिमी. गुडघा मात्र वाकेल तितक्या वेळा कडा ओढतो. नुसत्या ग्लूला तो ताण पेलत नाही, जखम उसवते. काही सर्जन गुडघ्यालाही ग्लू वापरतात, पण आत विरघळणारे टाके घालूनच. ग्लू म्हणजे फक्त वरचं झाकण.

लावण्यातही मेख आहे. हा ग्लू म्हणजे सायनोअॅक्रिलेट नावाचं रसायन, ते ओलाव्याने घट्ट होतं. रक्त थांबवायचं, कडा नीट जुळवून धरायच्या आणि वरून पातळ थर द्यायचे, मध्ये अर्धा मिनिट थांबून. एकदम जाड ओतलं तर चटका बसतो. कडांच्या फटीत उतरलं तर आणखी वाईट: तिथेच भिंतीसारखं बसतं आणि जखम भरू देत नाही.

सांध्यावरचे टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. त्यासाठी दवाखान्याची आणखी एक फेरी पडते, हे मान्य. ग्लूचा पापुद्रा 5 ते 10 दिवसांत आपोआप सुटतो, ओढू नका. मलम, व्हॅसलीन, खोबरेल तेल तर मुळीच नको, त्याने तो सैल पडतो. झटपट अंघोळ सहसा चालते, मग पुसायचं नाही, टिपायचं. भोवती खाजरं पुरळ उठलं तर ग्लूची अॅलर्जी असू शकते, सर्जनना दाखवा.